दुकान आणि दवाखाना : आपल्या मुलामुलींसाठी दोन शिक्षणक्रम

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत धान्याचे भाव, करांचे नियम अथवा बाजारपेठेची जुनी हकीकत यांविषयी चार शब्द लिहिण्याचा मान आम्हांस बरीच वर्षे मिळत आला आहे. यंदाचा विषय निराळा आहे, आणि त्याचा आरंभ आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून होतो. खतावणीत चुकून पडलेली रक्कम खोडून चालत नाही. उलट नोंद घालूनच ती दुरुस्त करावी लागते, हे आपण सर्व जाणतो. प्रस्तुत लेख ही तशीच एक उलट नोंद आहे, असे वाचकांनी समजावे.

गतवर्षी संघाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे दोन अर्ज आले. पहिला अर्ज एका सभासदाच्या मुलीचा होता. बारावीची परीक्षा विज्ञान घेऊन उत्तीर्ण झाल्यावर तिला रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रे व तत्सम यंत्रांनी शरीराच्या आतील चित्रे घेण्याच्या, पदवीचा अभ्यास करावयाचा होता. दुसरा अर्ज आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतील एका पेढीवरील दिवाणजींच्या मुलाचा होता. त्याला किरकोळ व्यापाराच्या, ज्यास हल्ली सर्वत्र रिटेल असे म्हणतात त्या, पदवीस जावयाचे होते. समितीचे ज्येष्ठ सदस्य या नात्याने आम्ही पहिल्या अर्जावर म्हणालो, "बटण दाबावयास पदवी कशाला?" आणि दुसऱ्यावर म्हणालो, "व्यापाऱ्यांच्या पेठेत वाढलेल्या पोराला दुकानदारी कॉलेजात शिकविणे म्हणजे माशाला पोहणे शिकविणे होय." बैठकीत हशा पिकला, आणि डॉक्टर, इंजिनिअर व चार्टर्ड अकाउंटंट या तिघांपलीकडे शिष्यवृत्ती न देण्याची आपली जुनी वहिवाट कायम राहिली. दोन्ही अर्ज फेटाळले गेले.

हा हशा पुढे आम्हांस चांगलाच महाग पडला.

एका रात्रीचा धडा

त्यानंतर चारच महिन्यांनी आमच्या सौ. न्हाणीघरात घसरून पडल्या. पाय जमिनीस टेकवेना. घाईघाईने त्यांना जवळच्या एका केंद्रात नेले. तेथील माणसाने तीन वेळा एक्स-रे काढला. पहिल्यांदा मांडी आली, पण खुब्याचा सांधा अर्धाच आला. दुसऱ्यांदा पाय वळविताना त्या वेदनेने कळवळल्या व चित्र हलले. तिसऱ्यांदा जे आले ते घेऊन आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील सर्जनांनी ते क्षणभर प्रकाशापुढे धरले व बाजूस ठेवून म्हणाले, "यावरून काही ठरविता येणार नाही. पुन्हा काढावा लागेल."

चौथा एक्स-रे काढावयास एक विशी-बाविशीची मुलगी आली. तिने आधी सौ.चे संपूर्ण नाव त्यांच्याच तोंडून वदवून घेतले, कागदाशी ताडून पाहिले, आणि कोणता पाय दुखतो हे कागदावर लिहिलेले असतानाही पुन्हा विचारले. नंतर म्हणाली, "आजी, दुखरा पाय मुळीच हलवू नका. तुमचा चांगला पाय मी वर टेकवून ठेवते आणि यंत्र आडवे आणते." आम्ही सौ.चा हात धरून उभे होतो. तिने आम्हांस नम्रपणे, परंतु ठामपणे सांगितले, "आजोबा, आपण बाहेर थांबा. आत विनाकारण कोणीही थांबायचे नाही." पाच मिनिटांत दोन बाजूंनी दोन चित्रे निघाली. मोड स्पष्ट दिसला व दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

सौ. आज काठी घेऊन मंदिरात जातात. परंतु त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आम्हांस आमचे "बटण दाबावयास पदवी कशाला" हे वाक्य आठवले. बटण पहिल्या केंद्रातील माणसानेही तीनदा दाबले होते. ज्याला ते दाबण्यापूर्वीचे ज्ञान नाही, त्याने वेदना तिप्पट केल्या, किरणांचा मारा तिप्पट केला आणि हाती काही लागू दिले नाही.

किरणांची विद्या

पुढे सौ.ना बरे वाटल्यावर आम्ही परवानगी काढून त्या विभागात काही दुपारी बसलो, शिकविणाऱ्यांस प्रश्न विचारले, आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास जेवढे समजेल तेवढे समजून घेतले.

हे किरण विल्हेल्म कोनराड रोंटगेन या जर्मन प्राध्यापकांनी वुर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी शोधून काढले. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी त्यांस 'एक्स' हे नाव दिले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे व बोटातील अंगठी दिसते. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. या शोधाचे पेटंट घेऊन अमाप द्रव्य मिळविणे त्यांस सहज शक्य होते, पण त्यांनी ते घेतले नाही. अपरिग्रहाचा हा नमुना आपल्या समाजास विशेष भावेल.

आम्ही धान्याचे व्यापारी. पोत्यात काय आहे हे पाहण्यासाठी आम्ही परखी खुपसतो. नमुना मिळतो, पण पोत्याला भोक पडते. हे किरण भोक न पाडता आतला माल दाखवितात. परंतु ते भोक पाडीत नाहीत म्हणून निरुपद्रवी आहेत असे मात्र नव्हे. आरंभीच्या काळात पुष्कळांनी ते बिनधास्त हाताळले. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे हात या किरणांनी जळाले, कापावे लागले, आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. अशा बळींच्या स्मरणार्थ १९३६ साली जर्मनीतील हँबर्ग येथे एक स्तंभ उभारला गेला. आजचा सारा शिक्षणक्रम या अनुभवांच्या पायावर उभा आहे.

विद्यार्थ्यास प्रथम शरीररचना व शरीरव्यापार शिकावे लागतात. कारण आत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला यंत्र कोठे रोखावे हे कळणार नाही. नंतर किरणांचे पदार्थविज्ञान. नळीतील विद्युद्दाब वाढविला म्हणजे किरणांची भेदण्याची शक्ती वाढते. प्रवाह व वेळ वाढविला म्हणजे किरणांचे प्रमाण वाढते. नळीत ओतलेल्या शक्तीपैकी सुमारे ९९ टक्के उष्णतेत जाते व जेमतेम १ टक्का किरणांच्या रूपाने बाहेर पडते. लहान मूल, कृश वृद्ध व स्थूल पुरुष यांस एकच माप लावता येत नाही. तोलाईत जसा हात बसावा लागतो, तसाच येथेही.

छातीचे साधे चित्र घ्या. रुग्णाची छाती पट्टीस टेकवून किरण पाठीकडून सोडतात व नळी सुमारे सहा फूट दूर ठेवतात, म्हणजे हृदयाची सावली फुगून दिसत नाही. खांदे पुढे वळवितात, म्हणजे पाठीच्या फऱ्यांची हाडे फुप्फुसांवरून बाजूस सरतात. दीर्घ श्वास घेऊन रोखावयास सांगतात, म्हणजे फुप्फुसे पूर्ण उलगडतात. हाड मोडले असेल तर काटकोनात दोन चित्रे घेतात, कारण एका बाजूने न दिसणारा मोड दुसऱ्या बाजूने दिसतो. यांतील एक गोष्ट चुकली तर डॉक्टर कितीही निष्णात असोत, त्यांच्यापुढे खोटा नमुना येतो. आणि खोट्या नमुन्यावर सौदा झाला म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. येथील रुग्णालयांत चंदगड, खानापूर, सावंतवाडी, गोवा अशा चहूकडून रुग्ण येतात. "श्वास धरा" हे मराठीत सांगावे लागते, "उसिरु हिडीरि" असे कानडीतही सांगावे लागते. सीमाभागातील आपली मुले दोन-तीन भाषा घरीच शिकतात. ज्या गोष्टीस आपण अडचण समजत आलो, ती येथे भांडवल ठरते.

एक्स-रेशिवाय इतर यंत्रेही शिकवितात. शरीराचे आडवे छेद दाखविणारा सीटी स्कॅन गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या प्रयत्नांतून १९७१ साली प्रथम रुग्णावर वापरला गेला, व १९७९ साली अॅलन कॉरमॅक यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआय यंत्रात हे किरण नसतात. तेथे प्रचंड शक्तीचा चुंबक असतो, आणि एखादी लोखंडी खुर्ची अथवा प्राणवायूचे नळकांडे चुकून आत गेले तर ते बंदुकीच्या गोळीसारखे ओढले जाते. अशा खोलीच्या दारावर राखण करणे हीदेखील याच तंत्रज्ञाची जबाबदारी होय.

मुलींच्या प्रकृतीची शंका

समितीत आम्ही बोलून दाखविलेली आणखी एक शंका होती : मुलीच्या जातीने किरणांत काम करावे काय? हिचे उत्तर आम्ही मुद्दाम शोधले.

आपल्या देशात या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले. काम करणाऱ्यास वर्षाकाठी सरासरी २० मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक किरणमात्रा मिळू नये, ही सरासरी पाच वर्षांची धरावी, आणि कोणत्याही एका वर्षी ती ३० च्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा आहे. तुलनेसाठी सांगतो : भूमी, आकाश, अन्न व हवा यांतून जगातील माणसास निसर्गतःच वर्षास सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका एक्स-रेत रुग्णास ०.१ अथवा त्याहूनही कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिळतात. प्रत्येक तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो व किती मात्रा पडली याची नोंद येते. हा रोजमेळ मालकाने सांगितला म्हणून लिहिला जात नाही. तो बाहेरचा तपासनीस लिहितो.

संरक्षणाचे नियम तीन आहेत : वेळ कमी, अंतर अधिक, मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केले म्हणजे किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे उभा राहून काम करतो. गर्भवती स्त्रीने तसे कळविल्यावर तिच्यासाठी निराळी व फार कडक मर्यादा पाळतात. नियम पाळणाऱ्या ठिकाणी, योग्य शिक्षण घेतलेल्या मुलीस हे काम करण्यास हरकत नाही, असा निर्वाळा आम्हांस मिळाला. मादाम क्यूरी यांनी पहिल्या महायुद्धात मोटारींवर एक्स-रे यंत्रे बसवून जखमी सैनिकांपर्यंत नेली, व सुमारे १५० स्त्रियांस ते काम शिकविले. म्हणजे या विद्येत स्त्रियांचा हात नवा नाही.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. तंत्रज्ञ म्हणजे डॉक्टर नव्हे. चित्र घेणे हे त्याचे काम; त्यावरून रोगाचा निर्णय देणे हे त्याचे काम नव्हे. सोनोग्राफीच्या बाबतीत तर १९९४ चा गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा फार कडक आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने अथवा अन्य रीतीने कोणीही सांगणे हा गुन्हा आहे. आपल्या कुळाचारात जीवदया सांगितली आहे; तेव्हा या बाबतीत कायद्याने सांगण्यापूर्वीच आपल्या मुलांचे ओठ बंद असले पाहिजेत.

दुकानदारी शिकावी लागते काय?

आता दुसऱ्या अर्जाकडे वळू. आम्ही चौदाव्या वर्षी गादीवर बसलो. झाडलोट, मग पोती मोजणे, मग कीर्द, मग खरेदी, असा क्रम होता. शिकविणारे वडील होते व परीक्षक गिऱ्हाईक होते. ती शाळा वाईट होती असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ती शाळा ज्या व्यापारासाठी होती, तो व्यापार बदलला आहे. मोठी साखळी-दुकाने गिरणीतून व शेतातून परस्पर माल उचलतात. गिऱ्हाईक घरबसल्या मागणी करते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. आणि भाजीवालीच्या टोपलीवरही पैसे घेण्याची चौकोनी चिठ्ठी लटकली. घाऊक व किरकोळ यांच्यामधील आपली जागा दरवर्षी अरुंद होत आहे, हे पेठेतील प्रत्येक जण जाणतो, पण सभेत बोलत नाही.

गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने माल उचलावयाचा, ही दुकानाची पद्धत १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस येथे क्लॅरन्स साँडर्स यांनी सुरू केली. वस्तूवरील पट्ट्यांची खूण यंत्राने वाचून पहिली विक्री २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी झाली. ती वस्तू चघळण्याच्या गोंदाची पुडी होती. आज त्याच खुणेत ८९० हे आरंभीचे आकडे भारतात नोंदलेल्या मालासाठी आहेत. आपल्याकडेही हे नवे नाही. मुंबईचा अपना बाजार १९४८ पासून सहकारी तत्त्वावर चालला, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला वारणा बाजार खेड्यातील बायाबापड्यांस एका छपराखाली सर्व वस्तू देऊ लागला. तेव्हा नव्या पद्धतीचे दुकान म्हणजे केवळ शहरी चैन नव्हे.

कॉलेजात काय शिकवितात, हे आम्ही एका प्राध्यापकांकडून समजावून घेतले. त्यांनी आम्हांस एक लहानसा हिशेब घातला. एका दुकानदाराचा सरासरी साठा १० लाखांचा आहे व वर्षात तो खरेदीभावाने ६० लाखांचा माल विकतो. म्हणजे त्याचा साठा वर्षात ६ वेळा फिरतो. शेजारी ५ लाखांच्या साठ्यावर तितकाच माल विकतो. त्याचा साठा १२ वेळा फिरतो. दोघांचा नफा कागदावर सारखा. परंतु दुसऱ्याचे ५ लाख मोकळे आहेत. शेकडा १२ व्याजाने धरले तर वर्षास ६० हजार रुपये त्याने न बोलता वाचविले. आम्ही पन्नास वर्षे व्यापार केला, पण आपल्या वखारीत वर्षाला किती फेरे होतात हे त्या दिवशी घरी येऊन प्रथमच मोजले. आलेला आकडा येथे छापण्याजोगा नाही.

दुसरा हिशेब असा : ८० रुपयांची वस्तू १०० ला विकली, तर नफा खरेदीवर शेकडा २५ होतो, पण विक्रीवर शेकडा २० च. एकजण पहिल्या मापाने बोलतो, दुसरा दुसऱ्या मापाने सूट देतो, आणि वर्षाअखेर भागीदारांत भांडण होते. अशी भांडणे मिटविण्यास आम्ही पंच म्हणून बसलो आहोत.

याशिवाय कोणता माल कोणत्या उंचीवर मांडावा, मुदत आधी संपणारा माल आधी कसा काढावा, तूट कोठे होते हे कसे शोधावे, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे शिकवितात. जुना माल आधी काढला नाही तर डाळीला भुंगा व तांदळाला सोंडे लागतात, मग माल जातो व जीवहिंसाही पदरी पडते, हे आपणांस ठाऊक आहे. कॉलेज त्याच गोष्टीची रीतसर पद्धत बसवून देते. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, २००९ चा वजनमापे कायदा व पुडीवर निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष व बांधणाऱ्याचे नाव छापण्याचे नियम हेही अभ्यासात असतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनेमापे वापरणे व भेसळीचा माल खपविणे हे दोन आहेत. म्हणजे सरकारी निरीक्षक जे आज मागतो, ते आपल्या आचार्यांनी केव्हाच मागून ठेवले आहे.

नुसता मोठेपणा कामास येत नाही, हेही त्या प्राध्यापकांनी आवर्जून सांगितले. देशभर शाखा पसरलेल्या दुकानांची साखळी कर्जात बुडून २०२२ साली कशी बंद पडली, हे आपण पाहिले. तेव्हा हे शिक्षण केवळ मोठ्या दुकानात नोकर होण्यासाठी घ्यावयाचे, असा समज नको. वडिलांच्या तीस फुटी दुकानातही ते तितकेच लागू पडते; किंबहुना तेथे चूक सोसण्याची ताकद कमी असल्याने अधिकच लागू पडते.

कमवा आणि शिका

या दोन शिक्षणांत आम्हांस एक साम्य दिसले, व तेच या लेखाचे सार आहे. दोन्हीही नुसत्या पुस्तकाने येत नाहीत. रेडिओग्राफीच्या पदवीत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या अभ्यासानंतर एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. रिटेलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली व्यवसाय-पदवीची पद्धत घालून दिली. तीत एका वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका व तीन वर्षांनी पदवी मिळते, आणि मध्येच थांबावे लागले तरी केलेले शिक्षण वाया जात नाही. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये दुकानात काम करीत विद्यावेतन घेण्याची सोय आहे. म्हणजे ही आमच्या गादीवरची उमेदवारीच आहे. फक्त तिच्या मागे शास्त्र व पुढे प्रमाणपत्र उभे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले, १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र महाराष्ट्रास दिला. त्यांचे नाव आपण दरवर्षी व्यासपीठावरून घेतो. मग हाताने काम करीत शिकणाऱ्या मुलास शिष्यवृत्ती नाकारताना ते नाव आम्हांस कसे आठवले नाही, याचा आम्हांस आज विस्मय वाटतो.

फसवणुकीपासून सावध

आता या चुकीची किंमत कोणी मोजली ते सांगणे प्राप्त आहे. त्या मुलीचा अर्ज आम्ही फेटाळला; पदवीचे शुल्क झेपेना, म्हणून तिच्या वडिलांनी तिला सहा महिन्यांत 'एक्स-रे तंत्रज्ञ' करून देणाऱ्या एका संस्थेत घातले. तेथे यंत्र एकच, तेही बहुधा बंद. प्रमाणपत्र मिळाले, पण रुग्णालयाच्या दारात त्याची किंमत शून्य ठरली. पैसे गेले व एक वर्ष गेले. हा दोष त्या भोळ्या बापाचा नाही; समितीने योग्य मार्ग दाखविला असता तर तो त्या वाटेस गेलाच नसता. दिवाणजींचा मुलगा एका मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावण्याच्या कामास लागला व अजून तेथेच आहे. काम प्रामाणिकपणे करतो. पण वर चढण्याची शिडी त्याच्यापाशी नाही.

म्हणून सर्व पालकांस आमची विनंती आहे की, शुल्क भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी पाहाव्यात. संस्था कोणत्या विद्यापीठास अथवा राज्याच्या कोणत्या मंडळास जोडलेली आहे? आरोग्यसेवेतील अशा व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. त्यात पदविकेस किमान २,००० तास व दोन वर्षे, आणि व्यावसायिक पदवीस किमान ३,६०० तास व तीन वर्षे अशी अट आहे. तेव्हा सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देतो म्हणणारा काय विकतो, हे उघड आहे. संस्थेशी चालू रुग्णालय जोडलेले आहे काय, विद्यार्थ्यांस किरणमापक बिल्ले मिळतात काय, हे स्वतः जाऊन पाहावे. रिटेलच्या बाबतीत उमेदवारी कोणत्या दुकानात, किती महिने व किती विद्यावेतनावर आहे, याचा करार मागावा. पैसे भरल्याची पक्की पावती घ्यावी. आपण एक पोते तूर घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी मुलांच्या आयुष्याबद्दल करावी, एवढेच आमचे मागणे.

आणखी एक अडचण उघड बोललेली बरी. दोन्ही अभ्यास बहुतेक इंग्रजीतून चालतात, व मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या वर्षी गांगरतात. संघाच्या सभागृहात उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग चालविला, तर त्याचा खर्च एका सत्कार समारंभाहून अधिक होणार नाही. तसेच आरंभीची नोकरी मोठ्या पगाराची नसते, रुग्णालयात रात्रपाळी व दुकानात सणासुदीचे काम असते, हेही मुलांस आधीच सांगावे.

समारोप

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक ठराव ठेवीत आहोत : संघाची शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त आरोग्य-तंत्रज्ञान व किरकोळ व्यापाराच्या शिक्षणक्रमांस खुली करावी, आणि अर्जदाराची संस्था मान्य आहे की नाही हे समितीने स्वतः तपासून सांगावे. त्या मुलीने पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी तो एका विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयाचा आहे. दिवाणजींकडे आम्ही स्वतः गेलो व त्यांच्या मुलासही अर्ज करावयास सांगितले. तो म्हणाला, "काका, मागच्या वेळी तुम्हीच हसला होता." आम्ही मान खाली घालून म्हणालो, "होय. म्हणूनच मी आलो."

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. चोख मालाचे, खऱ्या मापाचे दुकान हे पहिल्याच्या जवळ जाते. रुग्णाच्या वेदना न वाढविता घेतलेले अचूक चित्र दुसऱ्याच्या. विनाकारण एकही किरण अंगावर पडू न देणे हे चौथ्याच्या. राहिले तिसरे. ते मुलांच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. ठरावाच्या वेळी सभासद बंधुभगिनींनी हे ध्यानी ठेवावे, अशी नम्र विनंती करून आम्ही सर्वांस जय जिनेंद्र म्हणतो.